चौधरी चरणसिंग: शेतकऱ्याच्या नावावर जमीन लावणारे पंतप्रधान

दरवर्षी २३ डिसेंबरला आपण राष्ट्रीय शेतकरी दिन साजरा करतो. हा चौधरी चरणसिंग यांचा जन्मदिवस. पंतप्रधानपद त्यांना जेमतेम साडेपाच महिने मिळाले. त्यांचे खरे काम मात्र त्याच्या कितीतरी आधी झाले होते.

बालपण आणि वकिली
१९०२ मध्ये मेरठ जिल्ह्यातील नूरपूर गावी एका कूळ शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. आग्र्याला शिक्षण घेऊन त्यांनी गाझियाबादला वकिली सुरू केली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला. १९३७ मध्ये ते प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी बाजारातील लूट थांबवण्यासाठी शेतमाल बाजाराचे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. उत्तर प्रदेशात तसा कायदा व्हायला १९६४ साल उजाडले.

जमीनदारी गेली, नाव लागले
उत्तर प्रदेशात जमीनदारी निर्मूलन कायदा १ जुलै १९५२ पासून लागू झाला. तो घडवण्यात आणि राबवण्यात चरणसिंगांचा मोठा वाटा होता. खंडाच्या दहापट रक्कम भरणाऱ्या कुळाला जमिनीचा पक्का हक्क मिळू लागला. पण कायदा झाला तरी नोंद पटवाऱ्याच्या हातात होती. १९५३ मध्ये हजारो पटवाऱ्यांनी दबाव आणण्यासाठी एकदम राजीनामे दिले. महसूलमंत्री चरणसिंगांनी ते सरळ स्वीकारले आणि लेखपाल नावाने नवी भरती केली.

त्याच वर्षी चकबंदीचा कायदा आला. चार दिशांना विखुरलेले तुकडे एकत्र आले, तर एक विहीर, एक बांध आणि कमी वेळ पुरतो. आपल्याकडच्या एकत्रीकरण योजनेमागेही हाच विचार होता. तुमच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर त्यातूनच आला.

या सुधारणांची मर्यादाही लक्षात ठेवा. लाभ मुख्यतः कसणाऱ्या कुळांना झाला. भूमिहीन मजुरांच्या हाती फारसे आले नाही.

नेहरूंशी मतभेद
१९५९ च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव आला. चरणसिंगांनी त्याला उघड विरोध केला. स्वतःच्या तुकड्यावर राबणारे कुटुंबच जास्त पिकवते, असे त्यांचे मत होते.

दिल्लीपर्यंत
१९६७ मध्ये काँग्रेस सोडून ते उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. १९७० मध्ये पुन्हा. आणीबाणीत तुरुंगात गेले. जनता सरकारात आधी गृहमंत्री, मग अर्थमंत्री होते. १९७९ च्या अर्थसंकल्पात त्यांनी खतांवरील शुल्क घटवले. २८ जुलै १९७९ रोजी ते पंतप्रधान झाले. यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान होते. काँग्रेसने पाठिंबा काढल्याने २० ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. पुढे जानेवारी १९८० पर्यंत ते काळजीवाहू राहिले. पंतप्रधान म्हणून संसदेला सामोरे जाणे त्यांच्या नशिबी नव्हते. २९ मे १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले.

आपण काय घ्यावे?
कसणाऱ्याचे नाव कागदावर नसेल तर पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई अडते. यंदाच्या शेतकरी दिनी आपला सातबारा काढा. वारसनोंद, फेरफार, क्षेत्र आणि पीकपाहणी तपासा. चूक आढळल्यास तलाठी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.