टेंभूचे आगरकर: बाजू घेतली, पण लपवली नाही

टेंभू म्हटलं की आज शेतकऱ्याला उपसा सिंचन योजना आठवते. कृष्णेचं पाणी इथून उचलून खानापूर, आटपाडीकडच्या दुष्काळी शिवारात जातं. कऱ्हाड तालुक्यातल्या याच टेंभूत १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. पत्रकाराने बाजू घ्यावी की तटस्थ राहावं, हा वाद आज पारावरही रंगतो. आगरकरांनी त्याची किंमत स्वतः मोजली.

घरची गरिबी होती. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असं फिरत शिकले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. तिथे बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जमली. एम.ए. झाल्यावर चांगल्या पगाराची सरकारी नोकरी मिळाली असती. पण पोटापुरतं कमवून लोकांचं काम करणार, असं त्यांनी आईला पत्राने कळवलं.

४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला. पहिले संपादक आगरकर. त्या वेळी कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा कारभाऱ्यांकडून छळ होतो, अशी बातमी होती. ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने उघड छत्रपतींची बाजू घेतली. दिवाण माधवराव बर्वे यांनी खटला भरला. ज्या पत्रांवर भिस्त होती ती कोर्टात बनावट निघाली. माफी मागूनही १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

पुढे दोघा मित्रांचंच बिनसलं. बालविवाहासारख्या वाईट चाली बंद करायला सरकारने कायदा करावा, असं आगरकरांचं मत. परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये, असं टिळकांचं. आगरकरांना गप्प बसून संपादकाची खुर्ची सांभाळता आली असती. त्यांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळायचे. पत्राची बाजू कोणती, हे त्याच्या नावातच होतं. वाचकाला अंदाज बांधावा लागत नव्हता.

विधवांचं केशवपन, बालविवाह, जातिभेद यांवर ते लिहीत गेले. चिडलेल्या लोकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलींचं वय १० वरून १२ झालं, तेव्हाही ते कायद्याच्या बाजूने ठाम उभे राहिले. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते, पण संसार ओढाताणीतच चालला. दम्याने शरीर पोखरलं. १७ जून १८९५ रोजी ते गेले, अवघ्या ३९ व्या वर्षी. अंत्यविधीचा भार कुणावर नको म्हणून त्यांनी तेवढे पैसे बाजूला काढून ठेवले होते, असं सांगतात. मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनीच लिहिला.

आगरकर तटस्थ नव्हतेच. पण मत बदलायला त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत, आणि तटस्थपणाचा आव आणून मत खपवलंही नाही. कोल्हापूरचं प्रकरण मात्र दुसरी गोष्ट सांगतं. छत्रपतींची बाजू घेण्यात गैर नव्हतं, नडलं ते न तपासलेल्या कागदांमुळे. मोबाईलवर आलेला कागद पुढे ढकलण्याआधी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.