दामोदर धर्मानंद कोसंबी : सत्तेपुढे न झुकलेली विद्वत्ता

आचार्य धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. गोव्यातील घरदार सोडून बुद्धाच्या शोधात निघालेले, श्रीलंकेत प्रव्रज्या घेतलेले आणि पाली ग्रंथांतील ज्ञान मराठी वाचकाच्या हाती देणारे हे आचार्य ४ जून १९४७ रोजी आपल्याच विदर्भात, सेवाग्रामला निवर्तले. त्यांचे पुत्र दामोदर मात्र आपल्याकडे तितकेसे परिचित नाहीत. विज्ञान, सत्ता आणि नफा यांच्या नात्यावर ज्यांनी आयुष्यभर परखडपणे विचार केला आणि त्याची किंमतही मोजली, त्या या विद्वानाचे चरित्र आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. १९१८ मध्ये वडील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांच्या संपादनासाठी गेले, तेव्हा अकरा वर्षांचा हा मुलगा त्यांच्याबरोबर अमेरिकेस गेला. तेथेच शिकून १९२९ मध्ये त्यांनी हार्वर्डची पदवी उच्च सन्मानाने मिळविली. मायदेशी परतल्यावर प्रथम बनारस, नंतर अलीगढ आणि १९३३ पासून सुमारे बारा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले. याच महाविद्यालयात पूर्वी त्यांच्या वडिलांनी पालीचे अध्यापन केले होते.

त्यांची बुद्धी एका विषयात मावणारी नव्हती. १९४४ मध्ये त्यांनी मांडलेले आनुवंशिकीतील सूत्र आजही जगभर त्यांच्याच नावाने वापरले जाते. जुनी नाणी हाताळली जाऊन झिजतात, या साध्या गोष्टीवरून त्यांनी हजारो आहत नाणी तोलली आणि संख्याशास्त्राच्या आधारे त्यांचा कालानुक्रम लावण्याची रीत घालून दिली. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनीच १९४८ मध्ये सिद्ध केली.

इतिहासाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी मार्क्सवादी होती. राजांच्या वंशावळीपेक्षा नांगर, धान्य, गुरे आणि व्यापारी मार्ग यांचा माग त्यांनी अधिक घेतला. यज्ञात गुरांचा होणारा संहार शेती करणाऱ्या समाजाला परवडणारा नव्हता. अशा काळी बुद्धाच्या अहिंसेला लोकांचा मोठा आधार लाभला, असे त्यांनी दाखविले. कार्ले, भाजे, जुन्नर येथील लेणी घाटांतल्या व्यापारी वाटांवर का आहेत, हे त्यांनी पायी हिंडून समजून घेतले. पुढे विहारांकडे संपत्ती साचली आणि त्यांचा सामान्य जनांशी असलेला संबंध क्षीण झाला, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. श्रद्धावंताला हे वाचताना क्षणभर बोचते. परंतु तपासून घेतल्याशिवाय काहीही न स्वीकारण्याची शिकवण ज्या धम्माने दिली, त्याच्या अनुयायांनी अशा परीक्षेला भिण्याचे कारण नाही.

डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आरंभीच्या काळातच ते तेथे रुजू झाले. राहणे पुण्यास आणि काम मुंबईस. डेक्कन क्वीनमधील प्रवासात त्यांचे वाचन-लेखन चाले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी परदेशी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचाही अभ्यास केला. यंत्राविषयी त्यांच्या मनात तिटकारा नव्हता. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या हितासाठी, हा त्यांचा प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणाने त्यांची निराशा केली. परकी सत्ता गेली, परंतु तिची जागा देशी भांडवलदार वर्गाने घेतली, असे त्यांचे निदान होते. नेहरूंविषयी आदर बाळगूनही त्यांच्या इतिहासलेखनावर आणि धोरणांवर त्यांनी टीका केली. पोथीनिष्ठ मार्क्सवाद्यांनाही त्यांनी सोडले नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना ते अडचणीचेच ठरले.

हिरोशिमा-नागासाकीनंतर अण्वस्त्रस्पर्धा पेटली, तेव्हा ते जागतिक शांतता चळवळीत उतरले. साम्राज्यशाही आणि शस्त्रांतून मिळणारा नफा यांत त्यांना युद्धाचे मूळ दिसे. अणुऊर्जेच्या प्रश्नावर तर त्यांनी प्रत्यक्ष आपल्या क्षेत्रातील धुरीणांशीच मतभेद पत्करला. अणुभट्टीला प्रचंड भांडवल लागते, तिचा घातक कचरा मागे उरतो आणि तिच्याभोवती गुप्ततेची भिंत उभी राहते; उलट भारतावर सूर्य भरभरून ओततो, त्याची शक्ती गावोगावी स्वतंत्रपणे वापरता येते, असे ते सांगत. जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमधील भाषणातही त्यांनी हीच भूमिका मांडली. अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. भाभाच होते, हे लक्षात घेतले म्हणजे या धैर्याची कल्पना येते.

त्यांच्या हातून चूकही झाली. रीमान यांच्या सुप्रसिद्ध गणिती कूटप्रश्नाची सिद्धता सापडल्याचा त्यांचा दावा टिकला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालविला नाही. तरीही लेखणी थांबली नाही. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा विख्यात ग्रंथ १९६५ मध्ये आला आणि २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

कामठ्याच्या परिसरात हे चरित्र वाचताना काही गोष्टी आपोआप जवळच्या वाटतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यात अंगणातले धान आजही उन्हावर वाळते आणि त्याच जिल्ह्यात तिरोड्याला कोळशावर चालणारे प्रचंड वीज केंद्र उभे आहे. सूर्य की अणू, असा प्रश्न विचारणाऱ्या कोसंबींनी कोळशाची वीज, तिचा धूर आणि तिचा लाभ यांचा हिशेबही मागितला असता, असे आम्हांस वाटते. आज हातोहाती मोबाइल आले आहेत, युद्धे दूरस्थ यंत्रांनी लढली जात आहेत आणि सौरऊर्जाही मोठ्या कंपन्यांचा व्यवसाय झाली आहे. साधने बदलली, हिशेब मात्र तोच राहिला.

आमच्या वसतिगृहातून शिकून गेलेली अनेक मुले-मुली आज अभियंते, शिक्षक, अधिकारी आहेत. कित्येकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच पिढी. त्यांच्यापुढे नोकरी टिकविण्याचा प्रश्न खरा आहे आणि तो आम्ही हलका लेखत नाही. परंतु ज्या कामावर आपली सही होते, ते कोणाच्या शेतात पाणी नेते आणि कोणाचे रान उजाड करते, एवढे तरी त्यांनी विचारावे. आईवडिलांनी मोलमजुरी करून दिलेल्या शिक्षणाचे ऋण अशाच प्रश्नांतून फिटते.

पित्याने बुद्धाची वाणी आपल्या भाषेत आणली. पुत्राने तिच्यातील चिकित्सेचा वारसा प्रयोगशाळेत आणि लोकजीवनात चालविला. या दोघांच्याही स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.