थॉमस मिजली

थॉमस मिजली, धाकटे (१८ मे, १८८९:बीव्हर फॉल्स, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका - २ नोव्हेंबर, १९४४:वर्दिंग्टन, ओहायो, अमेरिका) हे अमेरिकन यंत्र अभियंते व रसायनशास्त्रज्ञ होते. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग आणि शीतकपाटांत वापरला जाणारा फ्रेऑन वायू हे त्यांचे दोन प्रमुख शोध होत. पहिल्या शोधामुळे मोटारींच्या इंजिनांचे संपीडन गुणोत्तर वाढवणे शक्य झाले व वेगवान मोटारींचे युग सुरू झाले. पुढे हे दोन्ही शोध मानवी आरोग्यास व पर्यावरणास अत्यंत घातक ठरले.

सुरुवातीचे जीवन

मिजली यांचे वडील, ज्यांचे नावही थॉमस मिजलीच होते, स्वतः संशोधक असून मोटारींच्या टायरांत सुधारणा करण्याचे काम करीत. कुटुंब ओहायो राज्यातील कोलंबस येथे स्थायिक झाल्याने थॉमस यांचे बालपण तेथे गेले. १९११ साली त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. ज्या विषयाने त्यांना कीर्ती मिळवून दिली त्या रसायनशास्त्राचे पदवीशिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. ते त्यांनी काम करता करता आत्मसात केले. डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत व काही काळ वडिलांबरोबर काम केल्यानंतर १९१६ साली ते चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. ही प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्स या कंपनीत विलीन झाली.

नॉकिंगचा प्रश्न

दट्ट्या सिलिंडरच्या तळाशी असताना त्याच्या वर जेवढी जागा असते तिला, दट्ट्या माथ्याशी पोहोचल्यावर उरलेल्या जागेने भागले की संपीडन गुणोत्तर मिळते. हवा व इंधनाचे मिश्रण जितके अधिक दाबले जाईल तितकी त्याच्या ज्वलनातून मिळणारी उष्णता अधिक प्रमाणात कामात रूपांतरित होते. आदर्श ऑटो चक्राच्या हिशेबाने ४:१ गुणोत्तरास कार्यक्षमता सुमारे ४३ टक्के, तर ८:१ ला सुमारे ५६ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनात हे आकडे बरेच कमी असले, तरी वाढीची दिशा हीच असते. म्हणजे तेवढ्याच इंधनात अधिक शक्ती किंवा तेवढ्याच शक्तीसाठी कमी इंधन. तरीही त्या काळच्या सामान्य मोटारींचे गुणोत्तर ४:१ च्या आसपासच अडकून पडले होते. ते वाढवले की इंजिनात हातोडी मारल्यासारखा ठकठक आवाज येई, शक्ती घटे आणि दट्ट्यांना तडे जात. यालाच नॉकिंग म्हणतात.

केटरिंग यांनी मोटारींसाठी बॅटरीवर चालणारी प्रज्वलन योजना तयार केली होती, आणि नॉकिंगचे खापर तिच्यावरच फोडले जात होते. शेतघरांसाठी त्यांनी बनवलेल्या, रॉकेलवर चालणाऱ्या विद्युत जनित्रांतही हा दोष तीव्रतेने जाणवे. मिजली यांनी सिलिंडरमधील दाब नोंदवून पाहिला असता दाबाची अचानक होणारी वाढ ठिणगी पडण्यापूर्वी नव्हे, तर पडल्यानंतर होते असे दिसले. ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातील उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेट घेते, हे त्यामागील कारण आज सर्वमान्य आहे. दोष ठिणगीत नसून इंधनात आहे, हा निष्कर्ष मिजली यांच्या कार्याचा खरा पाया म्हटला पाहिजे.

पहिले यश त्यांना एका चुकीच्या कल्पनेतून मिळाले. बर्फाखालीही लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने तांबूस असतात. त्यावरून, लाल रंग उष्णता शोषून इंधनाची वाफ लवकर करील, असा तर्क लढवला गेला. प्रयोगशाळेत तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून मिजली यांनी आयोडीन वापरले आणि नॉकिंग थांबले. नंतर खरे लाल रंग वापरून पाहिले, तेव्हा त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. गुण रंगात नसून आयोडीनमध्ये होता. मात्र आयोडीन महाग होते व धातू खाणारे होते.

यानंतर थॉमस बॉइड व कॅरोल हॉकवॉल्ट या सहकाऱ्यांसह असंख्य पदार्थांची चाचणी सुरू झाली. अॅनिलीन उपयोगी ठरले, पण त्याला दुर्गंधी होती. सेलेनियम व टेल्युरियमची संयुगे त्याहून प्रभावी निघाली. परंतु टेल्युरियमचा लसणासारखा उग्र वास संशोधकांच्या अंगाला व कपड्यांना इतका चिकटे, की लोकांत मिसळणे अवघड होई. अखेर मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीचा आधार घेत शोध शिशापर्यंत पोहोचला. ९ डिसेंबर, १९२१ रोजी टेट्राएथिल लेडची चाचणी यशस्वी झाली. गॅलनभर पेट्रोलला या द्रवाचे काही घन सेंटिमीटर पुरेसे होते.

एथिल पेट्रोल आणि विषबाधा

२ फेब्रुवारी, १९२३ रोजी डेटन येथे हे पेट्रोल प्रथम विक्रीस आले. त्याच वर्षी मिजली यांना अमेरिकन केमिकल सोसायटीचे निकोल्स पदक मिळाले. ऑगस्ट १९२४मध्ये जनरल मोटर्स व न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी एथिल गॅसोलीन कॉर्पोरेशन स्थापन केले. केटरिंग तिचे अध्यक्ष व मिजली उपाध्यक्ष झाले. व्यापारी नावातून शिशाचा उल्लेख वगळला गेला, ही बाब लक्षणीय आहे.

शिसे विषारी असल्याचे ज्ञान प्राचीन काळापासून होते. १९२३च्या आरंभी स्वतः मिजली शिशाच्या बाधेमुळे विश्रांतीसाठी फ्लोरिडात गेले होते. १९२४ साली डेटन येथे दोन कामगार मृत्यू पावले. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगारांचा भ्रमिष्टावस्थेत अंत झाला व इतर अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ड्यूपाँट कंपनीच्या डीपवॉटर येथील कारखान्यातही कामगार दगावले. न्यूयॉर्क शहराने या पेट्रोलवर बंदी घातली. ३० ऑक्टोबर रोजी मिजली यांनी पत्रकारांसमोर हा द्रव हातावर ओतून घेतला व सुमारे एक मिनिट त्याची वाफ हुंगून दाखवली. त्याच द्रवामुळे आदल्या वर्षी आजारी पडलेल्या माणसाने केलेले हे प्रात्यक्षिक त्यांच्या चरित्रातील सर्वांत असमर्थनीय कृती होय.

मे १९२५मध्ये सरकारी आरोग्यप्रमुखांनी वॉशिंग्टन येथे परिषद बोलावली व विक्री तात्पुरती थांबली. जानेवारी १९२६मध्ये तज्ज्ञ समितीने बंदीस पुरेसे कारण नसल्याचा, परंतु पुढील अभ्यास आवश्यक असल्याचा अहवाल दिला. विक्री लगेच सुरू झाली. पुढचा अभ्यास मात्र कित्येक दशके उद्योगाच्याच पैशावर चालला. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबते हे मिजली यांना ठाऊक होते व त्यांनी त्याचे प्रयोगही केले होते. मात्र अल्कोहोल मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे आणि ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे होण्यासारखे नव्हते.

शीतक वायू व अन्य संशोधन

१९२८च्या सुमारास शीतकपाटांसाठी सुरक्षित वायू शोधण्याचे काम मिजली यांच्याकडे आले. त्या वेळी वापरात असलेले अमोनिया, सल्फर डायऑक्साइड व मेथिल क्लोराइड हे वायू गळती झाल्यास जीवघेणे ठरत. मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पावधीतच डायक्लोरोडायफ्लुरोमेथेन तयार केले. १९३० साली अटलांटा येथील सभेत त्यांनी तो वायू श्वासात भरून घेतला व मेणबत्तीवर फुंकून ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि पेट घेत नाही, हे दोन्ही त्यातून सिद्ध झाले. रबराच्या रसायनशास्त्रावरही त्यांनी काम केले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक एकस्वे होती. त्यांना १९३७ साली पर्किन, तर १९४१ साली प्रीस्टली पदक मिळाले.

अखेरचा काळ

१९४० साली मिजली यांना पोलिओ झाला व पाय लुळे पडले. बिछान्यातून उठण्यासाठी त्यांनी दोऱ्या व कप्प्यांची एक योजना स्वतः तयार केली. १९४४ साली ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी २ नोव्हेंबर रोजी याच योजनेच्या दोऱ्यांत गळा आवळला जाऊन त्यांचा मृत्यू झाला. हा अपघात होता की आत्महत्या, याविषयी मतभेद आहेत.

शोधांचे परिणाम

शिसेयुक्त पेट्रोलमुळे इंजिनांची गुणोत्तरे सतत चढत गेली. १९७० साली शेव्हरोले शेव्हेलच्या ४५४ घन इंची एलएस६ इंजिनाचे गुणोत्तर ११.२५:१ व शक्ती ४५० अश्वशक्ती होती. दरम्यान क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञांनी हवा, समुद्र व मानवी शरीरातील शिसे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढल्याचे दाखवून दिले होते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा दुष्परिणाम होतो हेही स्पष्ट झाले. शिवाय धुराच्या शुद्धीकरणासाठी आलेले उत्प्रेरक परिवर्तक शिशामुळे निकामी होत. त्यामुळे शिसेविरहित पेट्रोलच्या तयारीसाठी १९७१च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने गुणोत्तरे उतरवली.

पुढे ही उंची शिशाविना पुन्हा गाठली गेली. सिलिंडरमध्ये थेट फवारलेले इंधन मिश्रणाला थंड करते, तर नॉकिंगची चाहूल लागताच संवेदक ठिणगीची वेळ मागे सरकवतात. फेरारी ४५८ इटालियाचे गुणोत्तर १२.५:१ होते आणि माझदाच्या स्कायअॅक्टिव्ह-जी इंजिनाचे काही देशांत १४:१ आहे.

फ्रेऑन वर्गातील वायूंमुळे ओझोन थराचा क्षय होत असल्याचे मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांनी १९७४ साली मांडले. १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आले.

भारतात २००० साली मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. मिजली यांच्या काळात मागे पडलेले अल्कोहोल आज इथेनॉलच्या रूपाने भारतीय पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते, व त्याचा मोठा वाटा महाराष्ट्रासारख्या ऊस पिकवणाऱ्या राज्यांतून येतो. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा अखेरचा देश अल्जीरिया होता. तेथे ही विक्री २०२१ साली थांबली. दट्ट्याच्या इंजिनावर चालणाऱ्या लहान विमानांच्या इंधनात टेट्राएथिल लेड अजूनही वापरले जाते.