शाळामास्तर जॉर्ज ओहम

विजेच्या धड्यात आपण ओहमचा नियम पाठ करता. पण ओहम हा आमच्यासारखाच एक शाळामास्तर होता, हे आपणांस ठाऊक आहे काय?

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म जर्मनीतील एर्लांगेन गावी 1789 साली झाला. वडील कुलुपे बनविणारे कारागीर. पालकहो, या कारागिराला शाळेचे शिक्षण फारसे लाभले नव्हते. पण त्याने स्वतः अभ्यास करून मुलांना घरीच गणित शिकविले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. पुढे विद्यापीठात गेलेला हा मुलगा नाच आणि बिलियर्ड यांत रमला, तेव्हा वडील संतापले आणि तीन सत्रांतच त्याला शिक्षण सोडावे लागले. स्वित्झर्लंडमधील एका शाळेत तो गणित शिकवू लागला. 1811 साली मात्र त्याने परत येऊन डॉक्टरेट मिळविलीच.

1817 साली ओहम कोलोन येथील शाळेत शिक्षक झाले. तिथे प्रयोगशाळा चांगली होती. तारेची लांबी वाढविली की विजेचा प्रवाह किती कमी होतो, हा त्यांचा प्रश्न. 1825 साली त्यांनी उत्तर छापले, आणि ते चुकले! त्या काळच्या बॅटरीचा जोर सारखा कमीजास्त होई. मोजमाप तरी बरोबर कसे यावे? मग त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. तांबे व बिस्मथ या धातूंचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला की स्थिर दाबाची वीज मिळते. तिच्यावर त्यांनी सारख्या जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडल्या व चुंबकसूचीचे वळणे मोजले. 1826 साली खरा नियम हाती आला. स्वतःची छापलेली चूक स्वतःच दुरुस्त करणे सोपे नसते, हे पेपर तपासणारा मी चांगले जाणतो.

नियम असा : विद्युत दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. समजा, 230 व्होल्टवर चालणारी शेगडी 4.6 अँपिअर प्रवाह घेते. 230 भागिले 4.6 म्हणजे रोध 50 ओहम. आता भागण्याऐवजी गुणा : 230 गुणिले 4.6 म्हणजे 1058 वॅट, ही तिची शक्ती. हा गुणाकार ओहमच्या नियमातला नव्हे. प्रवाहाने तारेत किती उष्णता निर्माण होते, याचा हिशेब जूल यांनी 1841 साली मांडला, त्याच्याशी तो जुळतो.

नियम सापडला, पण मान मिळाला नाही. अर्ध्या पगाराची रजा घेऊन ओहम बर्लिनला गेले, 1827 साली ग्रंथ छापला आणि विद्यापीठातील जागेची वाट पाहत राहिले. ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. 1828 साली त्यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि बर्लिनच्या लष्करी शाळेत आठवड्याला काही तास गणित शिकवून दिवस काढले. 1833 साली न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली, तेव्हा वय 44 होते.

1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ले पदक दिले. म्हणजे पहिली मोठी दाद परक्या देशातून आली! म्यूनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद 1852 साली मिळाले आणि 1854 साली ते वारले. रोधाच्या एककाचे ओहम हे नाव पॅरिसच्या विद्युत परिषदेने 1881 साली मान्य केले.