मुद्राशिल्पी विल्यम वायन

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडण्याचे राणीछाप रुपये आपल्या ज्ञातीतील अनेक जुन्या घरांत अद्याप जपलेले आढळतात. त्यांपैकी १८४० साल असलेल्या कंपनी सरकारच्या काही रुपयांवर राणीच्या गळ्याशी ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ अशी दोन चिमुकली इंग्रजी अक्षरे असतात. ही विल्यम वायन या थोर कारागिराची सही होय. त्यांचा अल्प परिचय ज्ञातिबांधवांस करून द्यावा, एवढाच आमचा हेतू आहे.

वायन यांचा जन्म १७९५ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी झाला. ठसे कोरणे हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा. १८०९ साली वडील पीटर यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी सुरू केली, आणि ऐन तारुण्यात लंडनच्या कलासंस्थेचे सुवर्णपदक मिळवले. १८१६ साली ते राजटांकसाळीत दुय्यम कोरक्या म्हणून लागले. तेथे त्यांचे चुलतबंधू थॉमस हे मुख्य होते; पण पुढल्याच वर्षी ते भर तारुण्यात निवर्तले.

मुख्याचे काम पिस्त्रुची या इटालियन कलावंताकडे गेले. सॉव्हरिन नाण्यावरील अश्वारूढ सेंट जॉर्ज त्यांचाच. मात्र परकीय म्हणून मुख्यपद त्यांस रीतसर मिळेना. या दोघांतील स्पर्धा बरीच वर्षे चालली. अखेर १८२८ साली वायन मुख्य कोरक्ये झाले व पिस्त्रुचींस मुख्य पदककाराचा मान मिळाला. एकास जन्मभूमी आड आली व दुसऱ्यास घराण्याचा आधार लाभला, हे खरे. तथापि वायन यांनी लाभलेल्या जागेचे चीज केले, हेही तितकेच खरे.

व्हिक्टोरिया राणीचे त्यांनी कोरलेले तरुण मुख १८३८ पासून १८८७ पर्यंत इंग्लंडच्या नाण्यांवर झळकत राहिले. त्यांच्याच १८३७ सालच्या पदकावरील मुख जगातील पहिल्या टपाल तिकिटावर, म्हणजे १८४० च्या ‘पेनी ब्लॅक’वर आले. १८३९ सालच्या त्यांच्या पाच पौंडी सुवर्णमुद्रेवर राणी सिंहास वाट दाखवीत आहे. ही मुद्रा व्यवहारासाठी नसून संग्राहकांसाठी होती व थोडीच पाडली गेली. म्हणून आज लिलावात तिला लाखो पौंड पडतात. १८४७ सालच्या त्यांच्या ‘गॉथिक क्राऊन’ची संख्या आठ हजार, त्यासही मोठा मान आहे. १८५१ साली ब्रायटन येथे त्यांचे देहावसान झाले. पुत्र लिओनार्ड यांनी तोच धंदा पुढे चालविला.

नाण्याची किंमत केवळ जुनेपणावर ठरत नाही. ते किती विरळ आहे आणि मूळचे कोरीव काम किती शाबूत आहे, यांवर ती ठरते. आपल्याकडील १८४० चे रुपये पुष्कळ निघाले, त्यामुळे ते विकून कोणी धनाढ्य होईल, अशी आशा आम्ही लावीत नाही. पण एक गोष्ट मनास लागून राहिली आहे. आमच्या घरी असाच एक रुपया होता. दर दिवाळीस राख व चिंच लावून तो लखलखीत करण्याचे काम लहानपणी आमच्याकडे असे, आणि आम्ही ते मोठ्या हौसेने करीत असू. आज त्यावर राणीचे नाक नाही, केसांची रेषा नाही आणि ती दोन अक्षरेही नाहीत. एका कारागिराने भिंगाखाली डोळे शिणवून जे कोरले, ते आम्ही स्वहस्ते पुसून टाकले.

म्हणून ज्ञातिभगिनींस व बांधवांस आमची विनंती आहे की, घरातील जुनी नाणी घासू नयेत, वजनावर मोडू नयेत. मऊ कोरड्या कागदात निरनिराळी गुंडाळून ठेवावीत. पूजेस काळवंडलेला रुपया चालतो. लक्ष्मी त्याने रुष्ट होत नाही.