सुब्बाराव यांचे औषध आणि दुधाचा हिशेब

मुळशी तालुक्यातील गोठ्यांतून पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांकडे रोज दूध जाते. गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजून दुधात गाठी येऊ लागल्या, की प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाते. त्यानंतर काही दिवस तिचे दूध विकू नये, असा पशुवैद्यकाचा दंडक आहे. प्रतिजैविके आणि दुभती जनावरे यांचा संबंध इतका निकटचा कसा झाला याचा मागोवा घेऊ लागले, तर वाट आंध्रातील एका सामान्य घरापर्यंत जाऊन पोहोचते. ते घर डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमवरम येथे झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना गांधीजींच्या आवाहनाला प्रतिसाद म्हणून त्यांनी खादी अंगावर घेतली. शल्यशास्त्राच्या इंग्रज प्राध्यापकाला ती रुचली नाही, आणि या हुशार विद्यार्थ्याच्या पदरी पूर्ण पदवीऐवजी कनिष्ठ दर्जाची एल.एम.एस. पडली. घरात तर स्प्रू या संग्रहणीसारख्या विकाराने भावाचा बळी घेतलेला होता. १९२२ साली पत्नीला मागे ठेवून ते अमेरिकेस गेले, ते पुन्हा मायदेशी परतले नाहीत. हार्वर्डमध्ये शिकताना पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे केली. रोग्यांची भांडी साफ करण्याचे कामही त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

पुढे सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी ती आजही या दोघांच्या नावाने शिकतो. स्नायूंना शक्ती पुरवणारी फॉस्फोक्रिएटिन व ए.टी.पी. ही द्रव्येही याच जोडीच्या हाती लागली. एवढे होऊनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. विद्यापीठांचा हा स्वभाव केवळ आपल्याकडचाच आहे, असे समजण्याचे कारण नाही.

१९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. पुढील आठ वर्षांत त्यांच्या नेतृत्वाखाली जे निर्माण झाले, ते थक्क करणारे आहे. भावाचा प्राण घेणाऱ्या विकारावर उपयोगी पडणारे फॉलिक आम्ल तेथे कृत्रिमरीत्या तयार झाले. हत्तीरोगावरील हेट्राझान आले. बालकांच्या रक्तकर्करोगावर प्रथमच काही काळ तरी मात करणारे द्रव्यही तेथूनच मिळाले. बेंजामिन डग्गर या सत्तरी उलटलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला सुब्बाराव यांच्या या संशोधन विभागात मातीतील एका सूक्ष्मजीवापासून सोनेरी रंगाचे ऑरिओमायसिन मिळाले. टेट्रासायक्लिन कुळातील हे पहिले औषध १९४८ च्या जुलैमध्ये जाहीर झाले, आणि ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले. वय अवघे त्रेपन्न.

यापुढचे त्यांनी पाहिले नाही. त्याच कंपनीतील थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबड्यांच्या आहारात कोणते जीवनसत्त्व घालावे याचा शोध घेत होते. त्यांपैकी स्टोकस्टॅड फॉलिक आम्लाच्या कामातही होते. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरलेला चोथा पिलांना घालताच ती झपाट्याने वाढली. श्रेय जीवनसत्त्वाचे नसून चोथ्यात राहिलेल्या औषधाचे आहे, हे १९५० मध्ये उघड झाले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकन शासनाने अशा खाद्याला मान्यता दिली. माणसाला मरणाच्या दारातून परत आणण्यासाठी शोधलेले औषध पोत्यांनी गोठ्यांत आणि खुराड्यांत जाऊ लागले.

अल्प मात्रेत रोज औषध मिळाले की दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि आपला चिवटपणा इतर जातींच्या जंतूंनाही देतात. पशुपालकाचा नफा त्याच्या पदरात लगेच पडतो. तोटा मात्र कोठल्यातरी रुग्णालयात, औषध लागू न पडणाऱ्या अनोळखी रोग्याच्या नावावर मांडला जातो. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यावर २००६ मध्ये पूर्ण बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिनपुरते पाऊल उचलले.

आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा अधिक निघाला. प्रमाण मोठे नाही, परंतु दूध रोजचे असते. उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश बहुधा टिकतो. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, हे अनेक घरांत न कळता अनुभवास आलेले असेल.

दोन-चार गाई बाळगणाऱ्या शेतकऱ्याला दूध ओतून द्या असे सांगणे सोपे आहे. त्या दिवसांचे पैसे त्याला सहसा कोणी देत नाही, पेंडेची उधारी मात्र थांबत नाही. सुरक्षित दुधाचा लाभ साऱ्या शहराला आणि त्याची किंमत एका गोठ्याला, ही वाटणी टिकणारी नाही. लिटरमागे काही पैसे बाजूला काढून आजारी गाईच्या ओतून दिलेल्या दुधाची भरपाई डेअरीने करावी, आणि संकलन केंद्रावरच तपासणी ठेवावी. तो भार अखेर ग्राहकावर येईल, आणि तो त्यानेच उचलणे रास्त आहे.