भाऊ गेला, हातात गिटार आली. ‘डेथ मेटल’ला चेहरा देणारा चक शुल्डिनर कोण होता?

डिजिटल डेस्क, जळगाव : ‘डेथ मेटल’ पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर आवाज बंद करतो, नाहीतर हा गातोय की ओरडतोय, असं शेजारच्याला विचारतो. जळगावात इंजिनीअरिंगला असताना हॉस्टेलच्या खोलीत मी दुसरी गोष्ट केली होती. जिओ यायच्या आधीचे दिवस होते. धुळ्याच्या एका मित्राच्या पेनड्राइव्हवर ‘मेटल’ नावाचं फोल्डर होतं. गाण्यांची नावं चुकलेली, अल्बमचा क्रम विस्कटलेला. त्यात ‘डेथ’ या अमेरिकन बँडची काही गाणी होती. ती गाणारा, लिहिणारा आणि गिटार वाजवणारा माणूस एकच होता, चक शुल्डिनर. तो २००१ मध्येच गेला होता, वयाच्या ३४ व्या वर्षी. हे मला फार उशिरा कळलं.

घरातला मृत्यू आणि पहिली गिटार

चार्ल्स मायकेल शुल्डिनर याचा जन्म १३ मे १९६७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागात झाला. तो लहान असतानाच कुटुंब फ्लोरिडात राहायला गेलं. तीन भावंडांत तो धाकटा. चक नऊ वर्षांचा असताना मोठा भाऊ फ्रँक कार अपघातात गेला. फ्रँक तेव्हा १६ वर्षांचा होता.

मुलाचं मन कशात तरी रमावं म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार घेऊन दिली. शास्त्रीय गिटारचा क्लास लावला, पण तो वर्षभरही टिकला नाही आणि गिटार कोपऱ्यात पडली. नंतर आईवडिलांनी एका घरगुती जुन्या सामानाच्या विक्रीतून इलेक्ट्रिक गिटार आणली आणि पोरगं बदललं. तेव्हापासून गिटार त्याच्या हातून सुटली नाही. शाळा मात्र सुटली आणि पुढे त्याला त्याची खंतही वाटली.

१९८३ मध्ये, १६ व्या वर्षी, त्यानं रिक रॉझ आणि कॅम ली या मित्रांसोबत ‘मँटास’ हा बँड सुरू केला. ‘व्हेनम’ या इंग्लिश बँडच्या गिटारवादकाचंही हेच टोपणनाव. १९८४ मध्ये बँडचं नाव ‘डेथ’ झालं. भावाच्या मृत्यूनं झालेलं दुःख कशात तरी वळवायचं होतं, अशी या नावामागची गोष्ट सांगितली जाते.

पोस्टानं पसरलेलं संगीत

इंटरनेट नाही, रेडिओ असली गाणी लावणार नाही, दुकानात कॅसेट मिळणार नाही. मग हे संगीत पसरलं कसं? उत्तर आहे पोस्ट. बँड स्वस्तात एक ‘डेमो’ कॅसेट रेकॉर्ड करायचे. ती कुणाला तरी पाठवायची. तो तिची नक्कल करून दुसऱ्या देशातल्या मित्राला पाठवायचा आणि बदल्यात तिकडची कॅसेट मागवायचा. सोबत झेरॉक्स केलेली छोटी मासिकं असायची. त्यांत पत्ते छापलेले, त्या पत्त्यांवर पुन्हा पत्रं जायची. याला ‘टेप ट्रेडिंग’ म्हणत आणि ‘अंडरग्राउंड’ हा शब्द या साखळीसाठीच होता. कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी खरखर वाढायची. ती ऐकणाऱ्यांनी गोड मानून घेतली.

खानदेशात वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागू नये. अहिराणी गाणी आपल्याकडेही आधी कॅसेटवरून आणि नंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड ‘भरून’ घेत गावोगाव गेली. टीव्हीनं दखल घ्यायच्या कितीतरी आधी ती लग्नाच्या वरातीत वाजत होती.

‘डेथ’चे डेमो असेच फिरले. बँडमधली माणसं मात्र टिकत नव्हती. चक त्यांच्या शोधात फ्लोरिडातून सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला गेला. १९८६ च्या सुरुवातीला कॅनडातल्या एका बँडमध्ये गेला आणि दोनेक आठवड्यांत परत आला. शेवटी ख्रिस रायफर्ट हा ड्रमर भेटला. दोघांच्या ‘म्युटिलेशन’ या डेमोवर कॉम्बॅट रेकॉर्ड्सनं करार दिला. १९८७ मध्ये ‘स्क्रीम ब्लडी गोर’ हा पहिला अल्बम आला. त्यात ड्रम सोडून गिटार, बेस आणि आवाज, सगळं चकचंच.

‘डेथ मेटल’ म्हणजे नेमकं काय?

हेवी मेटलचं हे जास्त वेगवान आणि जास्त जड रूप. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल करून सूर खाली आणलेला असतो. ड्रमरच्या दोन्ही पायांखाली बास ड्रमचे पॅडल असतात, त्यामुळे तो खालचा धडधडाट सतत चालतो. गाणारा खर्जात गुरगुरतो. हे गळा फाडून ओरडणं नाही. स्वरतंतूंच्या वर असलेल्या पडद्यांची थरथर वापरून आणि श्वासावर ताबा ठेवून हा आवाज काढावा लागतो. तंत्र न शिकता करायला गेलं तर दुसऱ्या दिवशी घसा बसतो. स्वानुभव आहे.

‘ब्लॅक मेटल’ हा वेगळा प्रकार. नाव ‘व्हेनम’च्या १९८२ च्या अल्बमवरून आलं. त्यात आवाज चिरका, गिटार मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आणि रेकॉर्डिंग मुद्दाम ओबडधोबड असतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत या वर्तुळातल्या काहींनी चर्च जाळली, खूनही झाले. बातम्यांत तेच आलं आणि सगळ्याच मेटलवर सैतानाचा शिक्का बसला. चकचा त्याच्याशी संबंध नव्हता. तो प्राण्यांवर जीव टाकणारा, घरात रमणारा माणूस होता.

‘डेथ मेटलचा बाप’ ही त्याला मिळालेली पदवीही त्याला आवडत नसे. आणि त्यात तथ्य आहे. कॅलिफोर्नियाच्या ‘पझेस्ड’ या बँडच्या १९८४ च्या डेमोचं नावच ‘डेथ मेटल’ होतं.

प्रत्येक अल्बममध्ये वेगळा चक

माझ्या मते चकचं मोठेपण पहिलेपणात नाही, ते तो एका जागी थांबला नाही यात आहे. पहिल्या अल्बममध्ये प्रेतं, रक्त, भुताच्या सिनेमांचा मालमसाला आहे. विशीतल्या मुलानं लिहावं तसंच. १९८८ चा ‘लेप्रसी’ त्याच वाटेचा, पण घट्ट. १९९० च्या ‘स्पिरिच्युअल हीलिंग’च्या मुखपृष्ठावर आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणारा धर्मोपदेशक आहे. बुवाबाजी आपल्याला नवी नाही, त्यामुळे ते चित्र बघून कुणाची आठवण येते हे ज्याचं त्यानं ठरवावं.

त्याच वर्षी युरोप दौऱ्याची तयारी नीट नाही म्हणून चकनं ऐनवेळी जायला नकार दिला. सोबतचे दोघं बदली माणसं घेऊन ‘डेथ’च्याच नावानं दौरा करून आले. यानंतर त्यानं कायमच्या बँडचा नाद सोडला. प्रत्येक अल्बमसाठी त्याला हवे ते वादक तो बोलवू लागला.

त्याचा पहिला परिणाम म्हणजे १९९१ चा ‘ह्युमन’. ‘सिनिक’ या बँडचे पॉल मास्विडल आणि शॉन रायनर्ट, शिवाय बेसवर स्टीव्ह डीजॉर्जिओ. जॅझची समज असलेल्या या पोरांनी तालाची मोडतोड करून ठेवली. प्रेतं गेली आणि माणसाचा स्वभाव, विश्वासघात, एकटेपणा हे विषय आले. १९९३ चा ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’, १९९५ चा ‘सिम्बॉलिक’ आणि १९९८ चा ‘द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स’ यांत सूर अधिकाधिक मोकळे होत गेले. एकाच अल्बमवर दोनदा यायचं नाही, हा हट्ट दिसतो. जुने चाहते दर वेळी थोडे नाराज व्हायचे, नवे यायचे.

मान दुखत होती...

१९९९ मध्ये मान दुखायला लागली. नस दबली असेल असं आधी वाटलं. एमआरआय झाला आणि मेंदूच्या देठाशी गाठ सापडली. निदान झालं तो दिवस १३ मे, त्याचा ३२ वा वाढदिवस. त्याच वर्षी ‘कंट्रोल डिनाइड’ या त्याच्या नव्या बँडचा एकमेव पूर्ण अल्बम आला. त्यात चक गात नाही, फक्त गिटार वाजवतो.

जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली, गाठीचा साधारण निम्मा भाग निघाला. २००१ मध्ये ती पुन्हा वाढली. तोवर त्यानं आरोग्य विमा काढला होता, पण आजार विम्याच्या आधीचा. मेडिक्लेमच्या कागदांवर ‘प्री-एग्झिस्टिंग’ हा शब्द ज्यांनी वाचलाय त्यांना पुढचं सांगायला नको. शस्त्रक्रियेसाठी ७० हजार डॉलर आधी भरायला सांगण्यात आले आणि कुटुंबाकडे ते नव्हते. चाहत्यांनी वर्गणी काढली, बँडनी मदतीचे कार्यक्रम केले. मर्लिन मॅन्सन, कॉर्न अशा मोठ्या नावांनी स्वतःच्या वस्तू लिलावाला दिल्या. त्याचे अल्बम हातोहात कॉपी करून ऐकणाऱ्यांची संख्या प्रचंड होती, विकत घेणाऱ्यांची तेवढी नव्हती. माझा पेनड्राइव्हही त्यातच मोडतो, फक्त मी १५ वर्षं उशिरा आलो.

नोव्हेंबरमध्ये न्यूमोनिया झाला. १३ डिसेंबर २००१ रोजी फ्लोरिडात त्याचं निधन झालं. ‘कंट्रोल डिनाइड’चा दुसरा अल्बम अर्धवट राहिला.

ऐकायचं तर सुरुवात कुठून?

पहिल्या अल्बमपासून सुरू करू नका. ‘सिम्बॉलिक’ लावा, हेडफोनवर, आणि पहिल्यांदा आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त गिटार ऐका. सुटा सूर पकडता आला की पुढे गुरगुरणंही वाद्यासारखं कानात बसतं. मग ‘ह्युमन’, मग मागे ‘लेप्रसी’. ‘डेथ’चे बहुतेक जुने अल्बम ‘रिलॅप्स’ या लेबलनं पुन्हा काढले आहेत आणि स्ट्रीमिंगवर सहज सापडतात.

आपल्या जवळचं हवं असेल तर मुंबई आहेच. २००० मध्ये सुरू झालेला ‘डेमोनिक रिझरेक्शन’ आणि त्यानंतर आलेला ‘गटस्लिट’ हे दोन बँड परदेशातही ऐकले जातात. ‘बँडकॅम्प’वर अशा बँडचे अल्बम थेट विकत घेता येतात आणि पैशाचा मोठा वाटा कलाकाराकडे जातो. धुळ्याच्या त्या मित्रानं गेल्या वर्षी ‘सिम्बॉलिक’ रीतसर विकत घेतला. जुनं फोल्डर त्यानं अजून पुसलेलं नाही.